नऊ नंबरची केस

४ ऑगस्ट

छोटे,

पाकिटावर चष्म्याच्या काचा पुरवणाऱ्या कंपनीचं नाव मीच टाइप करून चिकटवलंय, तेव्हा ते तुझ्या दुकानाच्या मालकांना दाखवू नकोस. घरच्या पत्त्यावर पाठवायची छाती झाली नाही. तुझा जुना नंबर लागत नाही आणि नवा मला द्यावासा तुला वाटला नाही, त्याबद्दल मी कुरकुर करत नाहीये. सात वर्षांपूर्वी तू म्हणालीस, "ताई, आता फोन करू नकोस, मुलगी मोठी होतेय, कोणाचा म्हणून विचारते." मी केला नाही. माझ्यासारखी आज्ञाधारक थोरली बहीण शोधून सापडायची नाही.

आज लिहायचं कारण अगदी किरकोळ आहे. आमच्या प्रशिक्षण संस्थेत सव्वीस तारखेपासून शिक्षकांची तीन दिवसांची कार्यशाळा आहे. निवासी. बत्तीस जण येणार आहेत आणि यादीत सतराव्या नंबरवर तुझे अहो आहेत. शाळेचं नाव, हेडमास्तर हा हुद्दा, सगळं जुळतं. दोनदा बघितलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं.

शिकवणार मी. विषय असा की वर्गात वेगवेगळ्या घरांतून मुलं येतात, त्यातल्या काहींवर रोज थोडा थोडा अन्याय होतो आणि तो करणाऱ्या शिक्षकाला त्याचा पत्ताही नसतो. हसू नकोस. मला याचाच पगार मिळतो.

ते मला ओळखणार नाहीत. लग्नात तू "या शेजारच्या ताई" म्हणून ओळख करून दिलीस, त्यांनी नमस्कार केला आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळले. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. त्यालाही आता तेरा वर्षं झाली आणि माझे केस पांढरे झाले.

तू कुठून काही ऐकून दचकू नयेस म्हणून कळवलं, एवढंच. काळजीचं काही नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलंय, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

ताई


९ ऑगस्ट

छोटे,

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. राहिली कसली, मी ठेवली.

आमच्याकडे शिक्षकांना भाषण देऊन काही होत नाही. समानतेवर तासभर बोललं की सगळे माना डोलवतात आणि सोमवारी वर्गात जाऊन शुक्रवारचंच करतात. म्हणून आम्ही केस वापरतो. शब्द दवाखान्यातला वाटतो, पण तोच रूढ झालाय. कुठल्यातरी वर्गात खरोखर घडलेला प्रसंग घ्यायचा, दीड पानात लिहायचा, नावगाव बदलायचं. आणि मुख्य म्हणजे तो मध्येच तोडायचा. आता कोणीतरी काहीतरी करायलाच हवं, अशा जागी. खाली प्रश्न लिहायचा, तुम्ही या शिक्षिकेच्या जागी असता तर? मग लोक तावातावानं भांडतात आणि भांडता भांडता त्यांना स्वतःच्या वर्गातली मुलं दिसायला लागतात. अठरा वर्षं मी हे करतेय आणि मला ते चांगलं जमतं.

आमच्या नव्या पुस्तकात अशा चाळीस केस आहेत. नववी तुझी आहे.

थांब, पत्र फाडू नकोस.

तू त्या दिवशी फोनवर रडत रडत सांगितलंस, तेच आहे त्यात. तिसरीच्या वर्गात एक मुलगी बाकावरून पडते. शेजारची मुलगी पटकन वाकते, जमिनीवर तळवा टेकवते आणि म्हणते, "तेहूम." बाई फळ्याकडून वळतात. "हा शब्द तुला कोणी शिकवला?" "आईनं." "मग तू त्या वस्तीतली का गं?" बाई हे हसत विचारतात आणि वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी आई शाळेत येते. मुलीला तिनं पढवून आणलंय की टीव्हीवर ऐकला म्हणून सांग. आई बाईंच्या टेबलासमोर उभी राहते.

इथं मी केस तोडली. पुढचं फक्त आपल्या दोघींना माहीत आहे. टीव्हीचं तू इतकं बेमालूम सांगितलंस की बाईंनीच माफी मागितली. मग आठवड्याभरात तू शाळा बदललीस आणि घरी सांगितलंस की आधीची फार लांब पडते.

मी सगळं बदललं, छोटे. इयत्ता बदलली, गाव बदललं, मुलीला एक भाऊसुद्धा दिला. शब्द तेवढा बदलला नाही आणि तिथंच घोडं पेंड खातंय. आपल्या वस्तीबाहेर तो कोणी म्हणत नाही. आणि तो ठरवून टाळताही येत नाही. कोणी अडखळलं, हातातून काही निसटलं, की तो तोंडातून निघून गेलेला असतो. आपण आडनाव बदललं, बोलण्याचा हेल बदलला, वस्तीतलं घर सोडून इतकी वर्षं झाली, पण तो शब्द काही सुटला नाही. तुझ्या घरात तो तुझ्या तोंडून किती वेळा गेला असेल, मला ठाऊक नाही. तुझ्या अहोंना ठाऊक असेल. आणि ते सव्वीस तारखेला माझ्यासमोर बसून तो वाचणार आहेत. त्याच्या खाली लिहिलंय की हा शब्द कोणत्या लोकांचा.

हे वाचून तुझी पाचावर धारण बसली असेल. माझी चार तारखेपासून बसलीय.

ताई


१४ ऑगस्ट

छोटे,

चिठ्ठी मिळाली. चष्म्याचा नंबर लिहितात त्या कागदावर, डावा डोळा उजवा डोळा या रकान्यांच्या खाली दोन शब्द. "शब्द काढ." तुझं अक्षर सात वर्षांत जराही बदललं नाही. मी ते बराच वेळ बघत बसले.

मग संचालकांकडे गेले. म्हटलं, "सर, या तुकडीला नववी केस नको."

"का?"

"जरा नाजूक आहे."

"अहो मॅडम, नाजूक आहे म्हणूनच चालते. मागच्या तुकडीत दोन शिक्षिका रडल्या. पाहणीला वरून माणसं येतात ती तुमची नऊ नंबर ऐकायला येतात."

"निदान तो शब्द तरी काढू या."

"तुम्हीच तर हट्टानं छापून घेतलात," ते म्हणाले आणि फोन उचलला.

हे खरं आहे आणि तुला सांगायचं नव्हतं. पुस्तक छापायला जायच्या आधी मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, हा शब्द ओळखू येण्यासारखा आहे, बदलावा का? मी खाली लाल शाईनं लिहिलं, नको, शब्दाशिवाय केस मरते. किती ऐट होती त्या वाक्यात. कार्यशाळेत तो शब्द वाचला की खोली गप्प होते, आणि ती शांतता मला आवडायला लागली होती. मी काय केलं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्यांना न्याय शिकवायला मी तुझी भीती वापरली. तुला न विचारता वापरली.

तुझी भीती खोटी आहे असं मी एकदाही म्हणणार नाही. पुलापलीकडच्या इमारतीत गेल्या महिन्यात दोन बिऱ्हाडांना जागा सोडायला लावली. झालं काय, तर जिन्यात म्हाताऱ्या सासूचा पाय घसरला आणि सून सगळ्यांदेखत तेच म्हणाली जे आपण म्हणतो. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारावर कोणीतरी डांबर फासलं होतं. तुझ्या सासूबाई वस्तीतल्या कामवाल्या बाई गेल्या की चमचे मोजतात, हे तूच मला सांगितलंस. आणि लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच तुझ्या अहोंनी सोसायटीच्या त्या कागदावर सही केली होती, त्या वस्तीतल्या लोकांना भाड्यानं जागा देऊ नये म्हणून. तू त्यांना पेन आणून दिलंस. हे सांगताना तू रडली नव्हतीस, म्हणून ते माझ्या जास्त लक्षात राहिलं.

मी काहीतरी करते. अजून बारा दिवस आहेत.

ताई


२० ऑगस्ट

छोटे,

दुसरी चिठ्ठी आज आली. "सत्तावीसला निघते. शाळा सुटली की मुलीला घेऊन मावशीकडे. ते तिकडे असतील तोवरच जमेल. शोधू नकोस."

छोटे, असं करू नकोस. मावशीचं घर एका खोलीचं आहे आणि त्यात आधीच पाच माणसं आहेत. तुझ्या मुलीला तिथली बोली समजत नाही. आपण कुठले, हेच तिला माहीत नाही, ती बारा वर्षांची आहे आणि तू तिला हे एस.टी.च्या बाकावर बसून सांगणार का? आणि एकदा गेलीस की परत यायची वाट राहत नाही. जे तू तेरा वर्षं लपवलंस ते तुझ्या जाण्यानंच सगळ्यांना कळेल.

मी उपाय केलाय. संस्थेच्या भांडारात बसून बत्तीस प्रतींमध्ये त्या शब्दावर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले. प्रत्येक प्रतीत तो पाच ठिकाणी येतो, म्हणजे बत्तीस पंचे एकशे साठ. प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात "अगं बाई" लिहिलं आणि खालची टीप कोऱ्या पट्टीनं झाकली. मुलगी बाकावरून पडते, शेजारची म्हणते, "अगं बाई." आता बाईंनी तिला हटकायचं काय कारण, हे केस वाचून कोणालाच कळणार नाही, पण न कळू दे. भांडारपालांनी विचारलं, "छपाईची चूक का मॅडम?" मी हो म्हटलं. तेही बिचारे तासभर पट्ट्या कापत बसले.

तू विचारशील, ताई, तू स्वतः कोण आहेस ते तिथं कोणाला माहीत आहे का? नाही. संचालक माझी ओळख करून देताना म्हणतात, "मॅडमचा त्या समाजाचा मोठा अभ्यास आहे." मी मान खाली घालून हसते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी बोलले तर छोटीचा माग लागेल, म्हणून मी गप्प आहे. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मलाही भीती वाटते. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यात हात घालणाऱ्या बायका उद्या तसा हात घालतील का, एवढीशी भीती. पण ती मला अठरा वर्षं पुरली.

पट्ट्या घट्ट बसल्यात. तू कुठंही जाऊ नकोस.

ताई


२६ ऑगस्ट, दुपारी

छोटे,

हे टपालात टाकून उपयोग नाही, परवा पोचेल. तरी लिहितेय, कारण दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही.

पट्ट्यांनीच घात केला. वाचून पुढे गेले असते असा एक शब्द, त्यावर मी पाच पाच पांढऱ्या पट्ट्या लावून ठेवल्या होत्या, हातानं लिहिलेल्या. शिक्षक म्हणजे शेवटी वर्गातली मुलंच. केस वाटून पाच मिनिटं झाली नसतील तोच चारी टेबलांवरून खरवडल्याचा आवाज यायला लागला.

"मॅडम, खाली काहीतरी वेगळंच आहे," गणिताचे सर म्हणाले. त्यांनी कंपासचं टोक वापरलं होतं. "ते-हू-म. म्हणजे काय हो?"

"छपाईची चूक आहे ती. पुढे वाचा."

"पाची ठिकाणी एकच चूक?"

"हा त्या लोकांचा शब्द आहे," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात दोघं आहेत ना. काही पडलं की म्हणतात."

मागून कोणीतरी मुद्दाम पेन खाली टाकलं आणि म्हणालं, "तेहूम." सगळी खोली हसली. मोठी माणसं, छोटे, पंधरा पंधरा वर्षं शिकवणारी. मी टेबलाची कड धरून उभी होते. आपण दोघी एका बाकावर बसायचो त्या वर्गात हसायचे, अगदी तसंच हसले.

तुझे अहो तिसऱ्या टेबलाशी बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी एकही पट्टी खरवडली नव्हती. पान एकदा वाचून झालं, मग ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून परत वाचलं. बोट त्या पट्टीपाशी आलं की थांबायचं. मला वाटलं, संपलं. कळलं त्यांना. छोटी उद्या निघायच्या ऐवजी आज निघाली असती तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं.

चर्चा सुरू झाली. गणिताचे सर म्हणाले, "मला विचाराल तर चूक आईची. मुलीला खोटं बोलायला शिकवते. खरं सांगायचं की सरळ, कोण खातंय?"

"घाबरली असेल," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

"म म्हणायचा नसतो," तुझे अहो म्हणाले.

गणिताच्या सरांना वाटलं त्यांनाच काही म्हणाले. "काय?"

"तेहूम नाही. ओठ मिटायचे नाहीत. म नाकात सोडून द्यायचा." आणि त्यांनी तो म्हणून दाखवला. छोटे, तो आईसारखा होता. हुबेहूब आई म्हणायची तसा. मी या खोल्यांमध्ये तो शब्द दर वेळी मुद्दाम चुकीचा वाचत आलेय, जिभेला वळण सापडत नसल्याचं नाटक करत, आणि हा माणूस बत्तीस जणांत तो बरोबर म्हणाला.

"तुम्हाला कसं हो माहीत?" गणिताच्या सरांनी विचारलं. आवाजात आता गंमत नव्हती.

"माझ्या शाळेत आहेत अशी मुलं." त्यांनी पानावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, या केसमध्ये बाप कुठं आहे?"

मी म्हटलं, "त्याची माहिती उपलब्ध नव्हती."

"विचारली होती?"

मी हातातली प्रत चाळायला लागले.

"आई आहे, बाई आहेत, अख्खा वर्ग आहे. एक भाऊसुद्धा आहे, ज्याला काही काम नाही. बाप नाही. ज्यानं लिहिलं त्यानं गृहीतच धरलंय की तो कळल्यावर वाईटच वागणार. आपण इथं काय शिकायला आलोय? माणूस कुठल्या घरचा आहे त्यावरून तो कसा वागेल हे आधीच ठरवू नये, हेच ना?"

मग त्यांनी विचारलं, "ही मुलगी तुमच्या ओळखीची आहे का?"

बत्तीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या सख्ख्या भाचीबद्दल मला विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही. ओळख पटू नये म्हणून यातले सगळे तपशील बदललेले असतात." हे वाक्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलंय, तसंच्या तसं.

"बरं," ते म्हणाले आणि पान मिटलं.

त्या माणसानं सगळ्यांसमोर आपली मान पुढे केली होती आणि मी माझी मागे घेतली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि मला हेही कळत नाहीये की ते रागावलेत की काय. शब्द माहीत असणं म्हणजे माफ करणं नव्हे. उद्या सत्तावीस आहे आणि मी इथं खुर्चीत बसून आहे.


२७ ऑगस्ट, तुझ्या दुकानात

छोटे,

मी बाहेरच्या बाकावर बसलेय. मालक म्हणाले, बाई आत काचा बसवतायत, दहा मिनिटं लागतील. तुझ्यासमोर मला बोलता येणार नाही, माझी बोबडी वळेल, म्हणून हे कालच्या कागदांना जोडून लिहून काढते.

काल चहानंतर ते मला नळापाशी भेटले. स्वतःचा कप धूत होते. मला बघून नळ बंद केला.

"लग्नात तुम्ही आला होतात," ते म्हणाले. "शेजारच्या ताई. मला तेव्हाच वाटलं होतं, शेजारी इतकं रडत नाहीत."

मग ते बोलत राहिले, कपातलं पाणी झटकत. त्यांना अकरा वर्षं माहीत आहे. मुलगी चालायला शिकत होती तेव्हा ती पडली की तू तो शब्द म्हणायचीस आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवायचीस. "शब्द मला पहिल्यांदा नुसता गोड वाटला," ते म्हणाले. "पण तो हात कशाला, ते कळेना. मग शाळेत एका मुलीच्या तोंडून ऐकला आणि कळलं."

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्याच वर्षी मी सोसायटीच्या कागदावर सही केली होती. कळायच्या आधी तीन महिने. तिनंच पेन आणून दिलं होतं. आता कुठल्या तोंडानं सांगू, की मला माहीत आहे? ती विचारेल, मग सही परत का नाही घेतलीस? आईला काय वाटेल, शाळेत काय म्हणतील, याला घाबरून नाही घेतली. सरळ उत्तर आहे, पण ते तिला देता येत नाही."

हा भला माणूस आहे असं मी तुला सांगायला आले नाहीये. सही त्यांनी केली आणि अकरा वर्षं ती तशीच ठेवली. पण केसमध्ये मी त्यांना ठेवलंच नव्हतं, तेव्हा त्यांचं म्हणणं निदान तुझ्यापर्यंत पोचवणं माझ्याकडे लागतं.

मग ते म्हणाले, "ताई, ती कुठं जाणार आहे का?"

मी विचारलं, असं का वाटतं?

"दोन आठवड्यांपासून पलंगाखाली एक निळी बॅग भरून ठेवलीय. मी रोज सकाळी चपला शोधायच्या निमित्तानं वाकून बघतो. असली की डबा घेऊन शाळेत जातो. इथं आल्यापासून बघता येत नाहीये."

मी त्यांना सत्तावीस तारखेचं सांगितलं. तुझी परवानगी नव्हती, तरी सांगितलं. ते तिथंच पायरीवर बसले. कप हातातच होता. घरी निघतो म्हणाले, मग म्हणाले, नको, मी दारात दिसलो तर तिला वाटेल पकडायला आलाय. फोन केला तर लगेच निघेल. "तुम्ही जा. आणि तिला म्हणावं, मला काही सांगू नकोस. विचारणार नाही. नुसती थांब म्हणावं."

एवढा निरोप आहे. पुढचं मला माहीत नाही, छोटे. सासूबाईंचं काय करायचं, माहीत नाही. काल संध्याकाळी गणिताचे सर दोघांना विचारत होते, हे हेडमास्तर मूळचे कुठले, तेही मी ऐकलंय. केस मी काढून घेतेय, संचालकांना आज सकाळी लेखी दिलंय आणि कारणाच्या जागी खरं कारण लिहिलंय, मी कुठल्या वस्तीतली ते. फक्त माझं. तुझं नाव नाही, नातंही नाही. त्याचं काय होईल याची भीती वाटतेय, आणि ती मला माझ्यापुरती पुरे आहे.

मालक आत्ता परत आले. विचारलं, "बाईंना कोण आलंय म्हणून सांगू?" दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. मी म्हटलं, "थोरली बहीण." ते म्हणाले, "बाईंना बहीण आहे होय?" आणि आत गेले.

निळी बॅग मला काउंटरखाली दिसली. ती मी ओढून मांडीवर घेतलीय आणि तिच्यावरच कागद ठेवून हे लिहितेय. आधी सगळं वाच. मग हवी तर माझ्याकडून मागून घे.

ताई